वाचकांचे प्रश्न : बातमीदार बाईची स्वतःची तक्रार

नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या कायदेशीर हक्कांविषयी मागील अंकात लिहिताना वृत्तपत्रांच्या कार्यालयांचा उल्लेख मी ओझरताच केला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. ती संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची, त्यांच्या दैनिकांची किंवा वरिष्ठांची ओळख पटेल असा सर्व मजकूर काढून टाकला आहे. मी स्वतः इंदूरच्या हिंदी वृत्तपत्रांत डेस्कवर सव्वीस वर्षे काढली आणि आता लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या, दोन खाजगी कार्यालयांच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. उत्तरांत या दोन्ही अनुभवांची सरमिसळ झाली आहे, ती वाचकांनी चालवून घ्यावी.

प्रश्न : स. न. वि. वि. मी येथील एका हिंदी दैनिकात चार वर्षे वार्ताहर आहे. नगर निगमची बीट, म्हणजे तिथल्या बातम्यांची जबाबदारी, माझ्याकडे होती. आमचे शहरप्रमुख चारचौघांत मला ‘बेटा’ म्हणतात आणि रात्री अंक सुटल्यावर ‘कॉपीबद्दल (बातमीच्या मजकुराबद्दल) बोलायचे आहे’ असे सांगून फोन करतात. मग माझे कपडे, मी एकटी राहते का, अशा गोष्टी निघतात. संगणकावर बातमी दाखवताना खुर्चीमागे उभे राहून खांद्यावर हात ठेवतात. एकदा आम्ही सगळे रात्री सरवटे स्टँडजवळ पोहे खायला गेलो असता त्यांनी मला घरी सोडण्याचा हट्ट धरला आणि गाडीत ते जसे वागले ते लिहिणे मला अवघड जाते. मी स्पष्ट नकार दिल्यावर पंधरा दिवसांत माझी बीट काढून मला प्रेसनोटच्या टेबलावर बसवले. त्यांचा शेवटचा संदेश येऊन सव्वादोन महिने झाले. मनुष्यबळ विभाग म्हणतो, समिती मुख्यालयात आहे, तिकडे लिहा. आई म्हणते, दुसरी नोकरी बघ आणि विषय सोडून दे. बीट बदलणे हा तर त्यांचा अधिकारच आहे, मग मी तक्रार नेमकी कशाची करू? (एक वार्ताहर, इंदूर)

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाआधी मला तारखांचा हिशेब घ्यावा लागेल, कारण तो कोणासाठी थांबत नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, ज्याला कार्यालयांत सगळे ‘पॉश’ म्हणतात, लेखी तक्रारीसाठी घटनेपासून ३ महिन्यांची मुदत देतो. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून ३ महिने मोजतात. उशिराचे कारण पटले तर समिती ते कारण लिहून ठेवून आणखी ३ महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते, पण ती वाढ मिळेलच असे धरून चालता येत नाही. बीट नंतर बदलली, तेव्हा मुदत त्या दिवसापासून धरू, असे कोणी सुचवल्यास त्यावर विसंबू नका. कामाचे वाटप हा काही लैंगिक छळ नव्हे, हा युक्तिवाद समोरून हमखास येतो. शेवटच्या संदेशाची तारीखच धरा. हा अंक छापून हाती पडेपर्यंत आपले उरलेले दिवस संपतील या भीतीने मी आपल्याला टपालाने वेगळे उत्तर आधीच धाडले आहे. येथे ते इतरांसाठी देत आहे.

आता बीटविषयी. वृत्तपत्रात पगार कोणालाच फारसा मिळत नाही, त्यामुळे तेथील खरे चलन निराळे असते : चांगली बीट, पहिल्या पानावर आपल्या नावाने बातमी, म्हणजे बायलाइन, रविवारची सुटी, रात्रपाळीतून सुटका. हे चलन ज्याच्या हातात असते तो त्यातूनच देतो आणि त्यातूनच कापून घेतो. म्हणून वृत्तपत्रातला छळ ‘कॉपीबद्दल बोलायचे आहे’ अशा कामाच्या भाषेत येतो आणि नकाराची शिक्षाही प्रेसनोटच्या टेबलासारखी कामाच्याच भाषेत मिळते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत काहीच वावगे दिसत नाही. कायद्याच्या कलम ३ मध्ये मात्र हे नेमके पकडलेले आहे. लैंगिक वर्तनाशी जोडून नोकरीत झुकते माप देण्याचे आश्वासन, नुकसान करण्याची धमकी, आजच्या किंवा पुढच्या नोकरीविषयीची भीती, कामात अडथळा, भीतिदायक वातावरण, ही सारी त्यात मोजली आहेत, आणि आश्वासन किंवा धमकी उघड शब्दांत दिलेली असलीच पाहिजे अशी अट नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी वृत्तपत्राचे कार्यालय डोळ्यांपुढे ठेवले नसेल. तरी ते कलम वाचताना मला आमचा जुना हॉल आणि त्यातली कोपऱ्यातली टेबले दिसतात. बीट बदलण्याचा अधिकार शहरप्रमुखाला आहेच. तो अधिकार त्याने कशाचा वचपा काढायला वापरला, हा आपल्या तक्रारीचा विषय आहे.

ते दाखवायचे कसे, यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण समितीपुढे येणारे निम्मे कागद येथेच कच्चे असतात. ‘सर मला सतत त्रास देतात, घाणेरडे बोलतात’ एवढ्यावर संपलेल्या तक्रारी मी वाचल्या आहेत, आणि लिहिणारी बाई खरे बोलते आहे हे दिसत असूनही त्या कागदावर पुढे काय विचारावे हे आम्हाला सुचेना. आपण तर रोज बातमी लिहिता. एखाद्या वस्तीतल्या तुंबलेल्या नाल्याच्या बातमीत आपण दिवस, ठिकाण, कोण काय म्हणाले हे पहिल्या परिच्छेदात घालता. स्वतःच्या बातमीला तेवढाच न्याय द्या. ‘अश्लील बोलले’ हा आपला निष्कर्ष झाला. त्यांचे शब्द हिंदीत जसे होते तसेच अवतरणात लिहा, लिहिताना हात अडला तरी. तक्रारही हिंदीतच करा, कारण समितीवर मराठी वाचणारे कोणी असेलच असे नाही. रात्रीच्या प्रत्येक फोनची वेळ मोबाइलच्या नोंदीतून उतरवून घ्या. संदेशांचे स्क्रीनशॉट काढाच, पण मूळ संदेश आणि तो मोबाइलही जपा. नवा फोन घ्यायचा असेल तर जुना विकू नका.

याशिवाय एक पुरावा असा आहे, जो इतर नोकऱ्यांतल्या स्त्रियांना मिळत नाही. नकाराच्या आधीच्या दोन महिन्यांचे आणि नंतरच्या दोन महिन्यांचे अंक काढा आणि आपल्या नावाने छापून आलेल्या बातम्या पानवार मोजा. पहिल्या पानावर किती, आतल्या पानांवर किती, शून्य केव्हापासून. तो तक्ता तक्रारीला जोडा. ड्यूटी चार्ट कोणी फाडू शकतो, हजेरीचे रजिस्टर हरवू शकते, सहकाऱ्याला ऐन वेळी काही आठवेनासे होते; छापलेला अंक मात्र शहरभर वाटला गेलेला असतो आणि तो परत गोळा करता येत नाही.

गाडीतल्या प्रसंगाविषयी समोरून म्हटले जाईल की पोह्यांची गाडी म्हणजे ऑफिस नव्हे. नोकरीच्या ओघात जावे लागते ती जागा आणि त्यासाठी मालकाने दिलेले वाहन, हे दोन्ही कायद्याच्या व्याख्येत कामाचे ठिकाणच आहे. वाहन खाजगी असल्यास वाद होईल, तो होऊ द्यावा. अंक सोडून दीड वाजता सगळ्यांनी मिळून निघायचे, न येणारी ‘टीममध्ये मिसळत नाही’ असे ठरायचे, हा इंदूरच्या डेस्कवरचा जुना रिवाज आहे आणि तो पाळीचेच शेपूट कसे आहे हे आपण दोन वाक्यांत लिहू शकता. शिवाय तो प्रसंग समितीपुरता मर्यादित नाही. नकोसा स्पर्श आणि लैंगिक मागणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली ३ वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. समितीकडे गेले म्हणून पोलिसांचा रस्ता बंद होत नाही आणि आधी समितीकडेच जावे अशी सक्तीही नाही. पोलिसांकडे जायचे ठरवल्यास त्यात साहाय्य करणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे.

समिती मुख्यालयात आहे, हे उत्तर चुकीचे आहे. जेथे १० किंवा अधिक माणसे काम करतात त्या प्रत्येक कार्यालयात, शाखा वेगळ्या गावी असल्यास प्रत्येक शाखेत, स्वतंत्र समिती असावी लागते. तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, आणि एक बाहेरची सदस्य असते. समिती न नेमणाऱ्या मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मनुष्यबळ विभागाला एका ओळीचा ईमेल करून येथील समितीच्या सदस्यांची नावे मागा. उत्तर न येणे हेसुद्धा पुढे कागद म्हणून उपयोगी पडते. तक्रारीच्या ६ प्रती, सोबतची कागदपत्रे, साक्षीदारांची नावे व पत्ते द्यावे लागतात. समितीने एक प्रत ७ कामकाजाच्या दिवसांत समोरच्या व्यक्तीला पाठवायची, त्याने १० कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचे आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची, असा क्रम आहे. तेथे वकील कोणालाच आणता येत नाही. चौकशी चालू असताना दोघांपैकी एकाची बदली किंवा आपल्याला ३ महिन्यांपर्यंतची रजा आपण लेखी मागू शकता, आणि ती आपल्या नेहमीच्या रजेतून कापली जात नाही. मी आपल्या जागी असते तर रजा न मागता आपल्या कामावर त्यांची देखरेख नसावी एवढेच मागितले असते. रजेवर गेलेल्या वार्ताहराची खुर्ची वृत्तपत्रात आठ दिवसांत दुसऱ्याची होते.

आपसांत मिटवा, असा सल्ला नक्की येईल. समेट फक्त आपण मागितला तरच होऊ शकतो आणि त्यात पैशांची देवघेव चालत नाही. तक्रार सिद्ध झाली नाही तर आपल्यालाच शिक्षा होईल, अशी भीतीही कोणी घालेल. केवळ पुरावा अपुरा पडला म्हणून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही. त्यासाठी तक्रार जाणूनबुजून खोटी व दुष्ट हेतूने केल्याचे चौकशीत ठरावे लागते. नाव फुटू न देण्याचे बंधन समितीवर, मालकावर व साक्षीदारांवर आहे. कायदा काहीही म्हणो, बलात्काराच्या बातमीतून पीडितेचे नाव काटेकोरपणे गाळणाऱ्या आमच्याच हॉलमध्ये आतल्या प्रकरणातले नाव संध्याकाळच्या चहापर्यंत सगळ्या टेबलांवर पोहोचलेले मी पाहिले आहे. त्याची तयारी ठेवा.

आईंचा सल्ला मी मोडीत काढणार नाही. त्या आपल्याला रात्री दोन वाजता घरी येताना पाहतात. दुसरी नोकरी जरूर शोधा, परंतु तक्रारीची पोच हातात येण्याआधी राजीनामा देऊ नका. आपल्याच राज्यात ग्वाल्हेरच्या एका महिला अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशांनी २०१४ मध्ये राजीनामा दिला होता. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींवर त्यांनी केलेला छळाचा आरोप चौकशीत सिद्ध झाला नाही. तरीही तो राजीनामा स्वेच्छेने दिला असे म्हणता येत नाही असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने १० फेब्रुवारी २०२२ रोजी त्यांना पुन्हा सेवेत घेण्याचा आदेश दिला. कायदा जाणणाऱ्या न्यायाधीशबाईंना त्यासाठी साडेसात वर्षे लागली. राजीनाम्याचा कागद दोन ओळींचा असतो, पण तो मागे घेणे किती लांबते ते यावरून दिसावे.

प्रश्न : मी महूहून एका दैनिकाला बातम्या पाठवते. नियुक्तीपत्र नाही, छापून आलेल्या बातमीमागे मानधन मिळते. येथील एका सरकारी कार्यालयातील अधिकारी माहिती देण्यासाठी केबिनमध्ये थांबवून ठेवतात, अंगचटीला येतात आणि मध्यरात्री चित्रे पाठवतात. इंदूरच्या ब्युरोला सांगितले तर ‘सोर्स आहे, सांभाळून घे’ असे उत्तर मिळाले. मी कर्मचारीच नाही तर माझी तक्रार कोण घेणार? (एक स्ट्रिंगर)

उत्तर : आपण कर्मचारी नाही हे आपल्याला मानधनाच्या व्हाउचरने शिकवले आहे. या कायद्यापुरते ते खोटे आहे. कायम, तात्पुरती, रोजंदारीवरची, कंत्राटदारामार्फत आलेली, शिकाऊ, बिनपगारी, अटी लिहिलेल्या असोत वा नसोत, सर्वजणी त्यातील व्याख्येत येतात. आपल्या दैनिकाने आपल्याला ज्या बातमीसाठी त्या केबिनमध्ये पाठवले ती केबिन त्या वेळेपुरती आपले कामाचे ठिकाण आहे.

बाहेरच्या माणसांकडून होणाऱ्या त्रासापासून सुरक्षित वातावरण देणे हे मालकाच्या कर्तव्यांत स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणून ब्युरोला तोंडी सांगणे पुरे नाही. तारीख घालून ईमेल करा आणि त्यात ‘सांभाळून घे’ हे मिळालेले उत्तरही लिहा. दुसरा अर्ज त्या अधिकाऱ्याच्या विभागातील अंतर्गत समितीच्या नावे द्या. पीडित स्त्री त्याच कार्यालयात नोकरीला असावी अशी कायद्याची अट नाही. त्या कार्यालयात समिती नसल्याचे सांगितले गेले तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, जी १० पेक्षा कमी माणसांच्या कार्यालयांसाठी आणि खुद्द मालकाविरुद्धच्या तक्रारींसाठी असते. त्यासाठी इंदूरला खेपा घालण्याची गरज नाही, तहसीलपातळीवर नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याने आपली तक्रार घेऊन ७ दिवसांत पुढे पाठवायची असते. या समित्या कागदावरच राहतात ही ओरड जुनी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी अंमलबजावणीतल्या त्रुटींवर कडक शब्दांत बोट ठेवले आणि ३ डिसेंबर २०२४ रोजी प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी नेमण्याचे निर्देश राज्यांना दिले. तेव्हा ‘अशी काही समिती नाही’ हे उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स या संकेतस्थळावरूनही तक्रार नोंदवता येते.

मध्यरात्रीच्या चित्रांसाठी मात्र मी आपल्याला सरळ पोलिसांकडे जायला सांगेन. इच्छेविरुद्ध अश्लील चित्रे दाखवणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ मध्येच येते, आणि नकार दिल्यावरही पिच्छा पुरवणे हा कलम ७८ चा गुन्हा आहे. अशा गुन्ह्यांची खबर महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यावी लागते आणि एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. हद्दीचे कारण सांगून कोणतेही ठाणे आपल्याला परत पाठवू शकत नाही. वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रीला तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

बातमीचा स्रोत हातचा जाईल, ही ब्युरोची काळजी मला समजते. तो स्रोत सांभाळण्यासाठी ते स्वतः महूला येऊन त्या केबिनमध्ये बसू शकतात.

प्रश्न : मी आता निवृत्त आहे. १९९० च्या दशकात एका संपादकाने माझ्याशी जे केले त्याची तक्रार तेव्हा कोठे करावी हेच ठाऊक नव्हते. आज ते गृहस्थ व्यासपीठांवर सत्कार घेतात. आता नावानिशी लिहिले तर काय होईल? (एक ज्येष्ठ वाचक)

उत्तर : ठाऊक नव्हते यात आपला दोष नाही. राजस्थानातील भंवरीदेवी यांच्यावरील अत्याचारानंतर उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्याचा, कार्यालयांत तक्रार समिती हवी असे सांगणारा निकाल १३ ऑगस्ट १९९७ चा. त्याआधी कार्यालयात अशी तक्रार ऐकणारी यंत्रणाच देशात नव्हती. आजच्या कायद्याखाली आपली मुदत उलटली आहे, आणि ३ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घेण्याची मुदतही साधारण ३ वर्षांचीच असते.

राहिला लिहिण्याचा प्रश्न. ऑक्टोबर २०१८ मध्ये अनेक महिला पत्रकारांनी जुन्या वरिष्ठांविषयी उघडपणे लिहिले. माजी संपादक एम. जे. अकबर यांनी आरोप नाकारले, आरोप करणाऱ्या पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर बदनामीची फौजदारी तक्रार केली आणि १७ ऑक्टोबर २०१८ रोजी परराष्ट्र राज्यमंत्रिपद सोडले. दिल्लीच्या न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी रमाणी यांना निर्दोष ठरवले आणि स्त्रीला आपले गाऱ्हाणे कित्येक दशकांनंतरही, आपल्या पसंतीच्या व्यासपीठावर मांडण्याचा हक्क आहे असे म्हटले. अकबर यांनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात अपील केले आहे. तो निकाल आपल्याला बळ देणारा आहे. त्यासाठी दोन वर्षांहून अधिक काळ तारखांना हजर राहावे लागले हेही तितकेच खरे आहे. त्यामुळे नाव छापण्याआधी तेव्हाची डायरी, पत्रे आणि ज्यांना त्याच काळात सांगितले होते त्यांची आजची आठवण एकत्र करून एखाद्या वकिलाला दाखवा. हे सर्व जमवूनही आपण न छापण्याचे ठरवले, तर त्याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांत मी नसेन.

प्रश्न : माझ्या सहकारी स्त्रीने वृत्तसंपादकांविरुद्ध तक्रार केली असून साक्षीदारांत माझे नाव दिले आहे. मी फक्त दोनदा काही पाहिले. वृत्तसंपादकांनीच मला डेस्कवर आणले आहे. समितीपुढे मोघम बोललो तर चालेल का? (एक उपसंपादक)

उत्तर : चालणार नाही. दोनदा पाहिले असेल तर दोनदाच सांगावे, ऐकीव गोष्टी त्यात मिसळू नयेत, आणि ‘वातावरण ठीक नव्हते’ अशा वाक्यांत ते बुडवूही नये. समिती फौजदारी न्यायालयासारखा निःसंशय पुरावा मागत नाही, अधिक संभाव्य काय याकडे पाहते, आणि त्या मोजमापात आपले दोन प्रसंग फार वजनाचे आहेत. त्यांनी आपल्याला डेस्कवर आणले हे उपकार असतील, तर ते त्यांची पाने वेळेवर सोडून फेडता येतात. चौकशीत काय बोलले गेले ते बाहेर सांगण्याची मनाई आपल्यालाही लागू आहे, चहाच्या टपरीवरसुद्धा.

आणखी एक काम आपण आजच करू शकता. ते दोन प्रसंग ज्या आठवड्यांत घडले त्या आठवड्यांचे ड्यूटी चार्ट भिंतीवर किंवा ग्रुपवर अजून असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवा. आमच्याकडे जुना चार्ट दर रविवारी काढून त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर पानांचे डमी, म्हणजे मांडणीचे कच्चे आराखडे, आखत असत.